प्रौढपणाचा खोटा आव

मुलांसह चित्रपटास गेलेला पुण्यांतील सुशिक्षित गृहस्थ, पडद्यावर चितारलेला यंत्रमानव हिंडूं लागण्यापूर्वींच, "मुलांसाठीं आलों आहें" असा खुलासा शेजाऱ्यापाशीं करून ठेवतो. जो प्रौढ असा खुलासा न करतां मनमोकळा रमतो, त्यास 'बालिश' ही पदवी मिळते. ही पदवी वांटणारांस आमचें सांगणें असें, कीं प्रौढपण जन्मतारखेनें सिद्ध होत नाहीं. पाहिलेल्या गोष्टींतून मनुष्य काय उचलतो, यावर तें ठरतें.

अँड्र्यू स्टँटन यांचा २००८ सालचा 'वॉल-ई' हा चित्रपट घ्या. केरकचऱ्यानें बुजलेली पृथ्वी सोडून मानवजात सातशें वर्षें आकाशयानांत राहिली आहे. खुर्चींत पडून पडद्याशीं बोलतां बोलतां ती चालणें विसरत आली आहे. इकडे पृथ्वीवर एकटा उरलेला चिमुकला यंत्रमानव कचरा दाबून त्याचे ठोकळे रचीत आहे. त्याची धडपड पाहून मुलें हसतात, तें योग्यच आहे. परंतु हा ढीग कोणाचा, हा प्रश्न ज्यानें संसार मांडून रोज केराची बादली भरली आहे त्यालाच पडावयाचा. मुलांनीं अजून उकिरडा केलेला नाहीं. तो आपण केला आहे.

पुणेकरांस तर हें दृश्य परकें वाटूं नये. या शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या हद्दींत वर्षानुवर्षें पडत आला, आणि त्याविरुद्ध तेथील ग्रामस्थांस वारंवार आंदोलन करावें लागलें. 'वॉल-ई' निघाला त्याच सालीं कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. रोज दाराशीं येऊन आपला केर नेणाऱ्या बाईचें नांव ज्यांनीं कधीं विचारलें नाहीं, त्यांना हा यंत्रमानव पोरकट वाटावा, यांत नवल नाहीं.

चित्रांतील पात्रें खरीं नसतात, हा दुसरा आक्षेप. मग पंचतंत्रांतील कोल्हे कोणत्या जनगणनेंत मोजले होते? राजपुत्रांस नीति शिकवावयास ते पुरले. 'प्रभात' कंपनीनें याच पुण्यांत १९३४ सालीं 'जंबूकाका' हा हलत्या चित्रांचा लघुपट निर्माण केला. विज्ञानकल्पना पोरांनाच शोभते म्हणावें, तर 'आयुका'चे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांनीं 'यक्षांची देणगी' लिहिली, ती काय पोरखेळ म्हणून?

असे सर्वच चित्रपट चांगले असतात असें नव्हे. पुष्कळांत नुसता गोंगाट असतो. पण चांगलें-वाईट निवडण्यास प्रौढ रसिकच हवा, आणि तो खुलासे देत बसला तर मुलांच्या वांट्यास गोंगाटच येईल. तेव्हां पुढच्या खेळास जातांना मुलांचा आडोसा घेऊं नये. आपल्यासाठीं जावें, मनापासून हसावें, आणि घरीं आल्यावर केराची बादली एकदां उघडून पाहावी.