घन राहूनही घन न राहणारा पदार्थ

पदार्थाच्या अवस्था तीन : स्थायू, द्रव व वायू. हा पाठ प्रत्येक विद्यार्थी लहानपणीच शिकतो, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु त्यामुळे एक ग्रह मनात घट्ट बसतो. तो असा की, स्थायू पदार्थात मोठा पालट व्हावयाचा, तर तो वितळलाच पाहिजे. हा ग्रह दूर करण्याचे काम शालेय पुस्तकांनी आणि आम्हां अनुवादकांनीही अंगावर घेतले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेरियम टायटॅनेटचेच उदाहरण घ्या. रेडिओपासून भ्रमणध्वनीपर्यंत असंख्य उपकरणांतील विद्युत् धारित्रांत हा चिनी मातीसारखा पदार्थ असतो. सुमारे १२०° सेल्सिअसच्या वर त्याच्या स्फटिकाचा मूळ घटक म्हणजे एक नितळ घनाकृती होय : कोपऱ्यांवर बेरियम, मधोमध टायटॅनियम आणि सहा पृष्ठांच्या मध्यांवर ऑक्सिजन. त्याची कड इतकी लहान की, एका सेंटिमीटरात अशा सुमारे अडीच कोटी कडा मावतील. तापमान १२०° च्या खाली आले की, एक कड इतर दोहोंपेक्षा सुमारे शेकडा एकाने लांबते व टायटॅनियमचा अणू मध्यापासून किंचित ढळतो. धन व ऋण विद्युत् भारांचे मध्य विलग होतात आणि पदार्थाच्या अंगी आपोआप विद्युत् ध्रुवण येते. काही वितळले नाही, काही गोठले नाही. तरी पदार्थाचा गुणधर्म पालटला! पुढे सुमारे ५° व उणे ९०° च्या आसपास ही मांडणी आणखी दोनदा बदलते.

हे कळले कसे? क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतरांच्या तोलाची असल्यामुळे स्फटिकातून ते ठराविक कोनांतच प्रखरपणे बाहेर पडतात. यालाच विवर्तन म्हणतात. घनाकृतीच्या आलेखात जेथे एकच रेषा असते, तेथे कड लांबल्यावर काही ठिकाणी दोन दिसू लागतात. हेलन मेगॉ या विदुषीने १९४५ साली या पदार्थाची रचना क्ष-किरणांनीच उलगडली. मात्र क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. ५६ इलेक्ट्रॉनांच्या बेरियमपुढे ८ इलेक्ट्रॉनांचा ऑक्सिजन झाकोळतो. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात, म्हणून त्यांना ऑक्सिजनही नीट दिसतो. १९५५ साली फ्रेझर, डॅनर व पेपिन्स्की यांनी अणूंची ही सरक न्यूट्रॉनांनी निश्चित केली. अशा अभ्यासाची सोय आपल्याकडे ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीवर आहे.

आता शब्दांविषयी. या पालटाला ‘अवस्थांतर’ म्हटले, तर विद्यार्थ्याला बर्फाचे पाणीच आठवणार. ‘प्रावस्था’ हा शब्द थोडा जड असला, तरी तोच वेगळा राखावा. ‘घन’ शब्दाची अडचण त्याहून गमतीची आहे. तो स्थायूलाही लागतो आणि सहा समान चौरसांच्या आकृतीलाही. बेरियम टायटॅनेट १२०° च्या खाली पहिल्या अर्थाने घन राहतो, दुसऱ्या अर्थाने राहत नाही. तेव्हा निदान पाठ्यपुस्तकात तरी पहिल्यासाठी ‘स्थायू’ हाच शब्द वापरावा. ‘लोहविद्युत्’ हा शब्द मात्र मला मुळीच मान्य नाही. लोहचुंबकत्वाशी असलेल्या साम्यावरून इंग्रजीत पडलेल्या नावाचे ते शब्दशः भाषांतर आहे, आणि बेरियम टायटॅनेटमध्ये लोहाचा अणू मुळी नसतोच.