खासदारकी सोडून नाल्यांची निवडणूक? काय असतो मिशिगनचा ‘ड्रेन कमिशनर’

अमेरिकेत कँडिस मिलर 14 वर्षं खासदार होत्या. 2016 मध्ये त्यांनी निवडणूक लढवली ती मिशिगनच्या मॅकोंब काउंटीत नाले-गटारं सांभाळणाऱ्या पदासाठी. आणि जिंकल्या. त्यांनी हरवलेले अँथनी मारोक्को 24 वर्षं त्या खुर्चीत होते. पुढे फेडरल कोर्टात त्यांनी खंडणीच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला.

आता तुम्ही म्हणाल, नाल्यांच्या पदात एवढं काय आहे?

मिशिगनमध्ये शेतातलं, रस्त्यावरचं, अंगणातलं पावसाचं पाणी वाहून नेणारे चर आणि पाइप ‘काउंटी ड्रेन’ असतात. ते सांभाळणारा ड्रेन कमिशनर बहुतेक काउंट्यांत दर 4 वर्षांनी थेट मतदानाने निवडला जातो. तेही पक्षाच्या तिकिटावर. (नाला रिपब्लिकन की डेमोक्रॅट, हे कसं ओळखायचं कुणास ठाऊक!)

खरी ताकद 1956 च्या ड्रेन कोडमध्ये आहे. नाला दुरुस्त करा, असा अर्ज त्या भागातले फक्त 5 जमीनमालक करू शकतात. काम गरजेचं आहे का, हे 3 जणांचं मंडळ ठरवतं. या तिघांचा त्यात हितसंबंध नसावा, अशी अट आहे. पण त्यांना साधारणपणे नेमतो कोण? कमिशनरच. होकार मिळाला की खर्च त्या नाल्यात पाणी सोडणाऱ्या जमिनींवर वाटला जातो. कुणाचा वाटा किती, हेही कमिशनरच काढतो.

‘माझ्या घरात पाणी शिरत नाही, मी का भरू?’ कारण तुमच्या छतावरचं पाणी खालच्या माणसाच्या दारात जातं. हा तर्क पटण्यासारखा आहे. डोकेदुखी मुदतीची आहे. आपला वाटा तपासायला एक दिवस ठेवलेला असतो, त्यानंतर प्रोबेट कोर्टात अपिलाला फक्त 10 दिवस. नोटीस जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेली, की आकडा थेट मालमत्ता कराच्या बिलात दिसतो.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय, नोव्ही भागांत मराठी कुटुंबं बरीच आहेत. तिथे, ओकलँड काउंटीत, या पदाला ‘वॉटर रिसोर्सेस कमिशनर’ म्हणतात. एच-1बी व्हिसावर घर घेतलेल्यांना या निवडणुकीत मत नाही. बिल मात्र व्हिसा बघून येत नाही. त्यांच्या हातात उरतात ती मंडळाची जाहीर बैठक आणि ते 10 दिवस. दोन्हींसाठी मतदार असावं लागत नाही.