प्रतिकार कोणाच्या नजरेतून?

अमेरिकेत पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या मृत्यूनंतर मिनियापोलिस पोलिसांनी मे २०२०मध्ये काढलेल्या पहिल्या निवेदनात फ्लॉइड यांनी शारीरिक प्रतिकार केल्याचा उल्लेख होता. त्यांच्या मानेवरच्या पोलिसाच्या गुडघ्याचा नव्हता. एका शाळकरी मुलीने मोबाइलवर चित्रण केले नसते, तर तेच निवेदन दप्तरी जमा झाले असते.

‘पोलिसांचे ऐकले असते तर जीव वाचला असता’ हा युक्तिवाद अमेरिकेत अशा प्रत्येक घटनेनंतर होतो. तो अगदीच निराधार नाही. घरोघरी बंदुका असलेल्या देशात पोलिसाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. पण प्रतिकार झाला, हे ठरवतो कोण?

१९८४मध्ये शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या कृष्णवर्णीय मधुमेही गृहस्थांची साखर उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यायला ते दुकानात शिरले आणि रांग पाहून घाईघाईने बाहेर पडले. पोलिसाला संशय आला. बेड्या पडल्या, पायाचे हाड मोडले. आजाराविषयी सांगणाऱ्या मित्राचे कोणी ऐकले नाही. गुन्हा तर घडलाच नव्हता! याच प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये निकष घालून दिला: बळाचा वापर घटनास्थळावरच्या समंजस पोलिसाच्या नजरेतून जोखावा, प्रतिकार होत होता का हेही पाहावे. फेरसुनावणीत ग्रॅहम हरले. काळ्या माणसाच्या घाईत चोरी पाहणारी नजरही अशा कसोटीवर ‘समंजस’ ठरू शकते.

फ्लॉइड यांच्या नावाचे पोलिस सुधारणा विधेयक २०२१मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडकले.