टेंपर गेला म्हणजे नक्की काय गेलं?

मागच्या आठवड्यात मेसमध्ये पोळी गार आली म्हणून आमच्यातल्या एकाने ताट आपटलं. वाढणारे काका नुसते उभे राहिले. रूमवर आल्यावर स्वारी म्हणते, "काय करू यार, माझा टेंपरच तसा आहे!" आम्ही सगळे हसलो. ते हसणं मला अजून टोचतंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

टेंपर हा शब्द आपण मेटलर्जीत शिकलोय. लालबुंद पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं, पण ठिसूळही होतं. घाव बसला की तडकतं. म्हणून ते पुन्हा साधारण १५० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड करतात. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. हेच टेंपरिंग! मूळ लॅटिन 'टेंपरारे' म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं, आवर घालणं. म्हणजे टेंपर हा राग नव्हेच, तो समतोल. टेंपर 'लूज' होणं म्हणजे तो समतोल हरवणं. पुढे इंग्रजीत संतापालाच टेंपर म्हणू लागले, आणि आपण तो मिरवू लागलो.

'बुली'ची कथा आणखी मजेशीर. सोळाव्या शतकात हा लाडाचा शब्द होता; अर्थ जिवलग, दोस्त. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो असा येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र तो दुबळ्यांवर दादागिरी करणाऱ्याला चिकटला. हॉस्टेलवरचं "अरे, फक्त ओळख करून घेतोय" नेमकं याच वाटेने जातं. दोस्तीने सुरू होतं आणि ज्युनिअर रडवेला होतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

कँपस इंटरव्ह्यूच्या आधी सीनिअर सांगतात, "ॲग्रेसिव्ह रहा." या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'ग्रादी' आहे, म्हणजे पाऊल टाकणं. आपले ग्रेड आणि ग्रॅज्युएट त्याच घराण्यातले. पाऊल पुढे टाकाच, पण प्रश्नाकडे. माणसाच्या अंगावर नव्हे.

काल आमचा तो मित्र आणि मी काकांकडे जाऊन माफी मागून आलो. काका म्हणाले, "जाऊ द्या हो, रोजचंच आहे." हे 'रोजचंच' त्याच्या एकट्याच्या टेंपरचं नाही, आमच्या हसण्याचंही आहे. पुढच्या वेळी कुणी ताट आपटलं, तर निदान हसू तरी नका.