फरार कोणाला म्हणायचं?

'आरोपी फरार असून पोलीस त्याच्या मागावर आहेत.' गुन्ह्याच्या बातमीतलं हे वाक्य वाचकांना इतकं पाठ झालंय, की त्यातल्या 'फरार'पाशी कुणी थांबत नाही. पोलीस दारी आले आणि माणूस घरी नव्हता, एवढ्यावर तो फरार. मग तो भाजी आणायला का गेलेला असेना!

इंग्रजी 'ॲबस्कॉन्ड'साठी मराठीने हा शब्द धरला, पण दोघांची कुळं वेगळी. फरार मूळचा अरबी, अर्थ पळणं. ॲबस्कॉन्ड लॅटिनमधला, तिथे त्याचा अर्थ लपवणं. त्यामुळे गाव न सोडता स्वतःच्याच माळ्यावर दडून बसलेलाही ॲबस्कॉन्ड झालेलाच असतो. मराठीत पळण्याच्या तऱ्हा तरी किती! पोबारा करणारा चपळ, गाशा गुंडाळणारा चंबूगबाळ्यासकट जाणारा, परागंदा झालेल्याची थोडी कीव येते, आणि पोलिसांच्या हातावर तुरी देणाऱ्याचं तर लोक चोरून कौतुकही करतात. 'फरार' मात्र माणसाला थेट गुन्हेगार ठरवून मोकळा होतो.

कायद्याला एवढी घाई नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 84 (जुन्या संहितेतलं 82) सांगतं, की आधी वॉरंट हवं आणि ते बजावता येऊ नये म्हणून माणूस पळालाय किंवा लपलाय असं न्यायालयाला सकारण वाटायला हवं. मग उद्घोषणा. ती त्याच्या गावात ठळक जागी जाहीर वाचायची, एक प्रत त्याच्या घरावर चिकटवायची, एक न्यायालयाच्या इमारतीवर. हजर व्हायला किमान 30 दिवस. आणि एवढं होऊनही पळणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. खोटा आळ आला तर निर्दोष माणूसही घाबरून अटक चुकवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच म्हटलं आहे.

विजय मल्ल्या 2 मार्च 2016 रोजी देशाबाहेर गेला. 'फरारी आर्थिक गुन्हेगार' हा शिक्का मुंबईच्या विशेष न्यायालयाने मारला तो 5 जानेवारी 2019 रोजी. बातम्यांनी तो कधीच मारला होता.

आता हा शब्द पोलीस ठाण्यातून आयटी पार्कात शिरला आहे. नोटीस पिरियड न भरता कामावर येणं थांबवलं, की एचआरच्या नोंदीत माणूस 'ॲबस्कॉन्डिंग'. त्याची आई दवाखान्यात असेल, फोन बंद पडला असेल, कोण विचारतो? ना वॉरंट, ना उद्घोषणा. पुढची नोकरी मिळताना पार्श्वभूमीची तपासणी होते, तेव्हा हाच शब्द आडवा येतो. कारखान्याच्या मस्टरवर यासाठी 'गैरहजर' होता, आणि तो पुरत होता.

वार्ताहरांना एक विनंती. उद्घोषणा निघेपर्यंत 'पोलिसांना अद्याप सापडलेला नाही' एवढंच लिहा. तीन शब्द जास्त लागतील. रकान्यात तेवढी जागा असते.