कुणाची जमीन, कुणाची हिरवळ?



खारघरच्या गोल्फ मैदानाशी सोलापूरच्या ज्वारीवाल्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सातबाऱ्याचा आहे.

नवी मुंबई वसवण्यासाठी सरकारने १९७० साली सिडको काढली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांचा टापू या शहरासाठी ठरवला. कागदावर कारण एकच : सार्वजनिक प्रयोजन. भाव शेतकऱ्याने ठरवला नाही, सरकारने ठरवला. योग्य मोबदला मागायला माणसे रस्त्यावर आली, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली. सरकारच्या दयेतून नाही.

त्याच सिडकोने २०१२ साली खारघरला शंभराहून अधिक हेक्टरांवर गोल्फचे मैदान सुरू केले. नेरुळच्या पाणथळ जागेवर दुसऱ्या गोल्फ मैदानाची आणि घरांची तयारी झाली. ती परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

शहरातली शहाणी माणसे वाद घालतात तो असा : सार्वजनिक मैदान मंडळाने स्वतः चालवावे की ठेकेदाराला द्यावे? शुल्क किती घ्यावे? मैदान आणखी वाढवावे की नको? आमचा प्रश्न या सगळ्यांच्या आधीचा आहे. शहराच्या गरजेसाठी म्हणून शेतकऱ्यांकडून जमिनी घेणाऱ्या मंडळाने मूठभरांच्या खेळाला शंभर हेक्टर द्यावेत, हे कोणते सार्वजनिक प्रयोजन? मालक कोण हे न विचारता राखणदार कोण यावर भांडण्यात अर्थ नाही.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचे पाहा. सार्वजनिक मालकीची सुमारे २११ एकर जागा. क्लबचा भाडेकरार २०१३ साली संपला. सरकारने निर्णय घेतला २०२४ मध्ये. १२० एकर लोकांच्या बागेला, उरलेली ९१ एकर पुन्हा क्लबला. करार संपूनही अकरा वर्षे क्लब जागेवरच. आमच्या सोसायटीचा हप्ता जूनअखेर चुकला तर थकबाकीदारांच्या यादीत नाव लागायला अकरा दिवसही पुरतात. आणि कमाल जमीनधारणा कायदा आम्हाला काय सांगतो? कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा. त्यावरची जमीन समाजाची. क्लबच्या घोड्यांना ही मर्यादा नाही!

आता पाण्याचे. मंगळवेढ्याची मालदांडी पेरणीच्या वेळी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. एखादे संरक्षित पाणी मिळाले तर सोने, नाही तर देवाच्या नावाने. गोल्फच्या हिरवळीला ही सवय नाही. तिला चैत्र-वैशाखातही हिरवे दिसायचे असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर मिरजेहून आलेले रेल्वेचे पाणी पीत होते, तेव्हा क्रिकेटच्या मैदानांना पाणी का, हे उच्च न्यायालयाला विचारावे लागले. ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले ते कोर्टामुळे. उजनी उशाला असून सोलापूरकराने वर्षानुवर्षे दिवसाआड नव्हे, चार-चार दिवसांआड नळाची वाट पाहिली. म्हणून आम्ही म्हणतो, हिरवळ ठेवायची असेल तर सांडपाणी शुद्ध करून तेच घाला. धरणाच्या पाण्याला हात लावू नका.

‘तुम्हाला खेळाचा राग आहे,’ असे कोणी म्हणतील. खेळाचा राग आम्हाला नाही. आम्ही तालमीत घुमलेली आणि बैलगाडीमागे धावलेली माणसे आहोत. पण आमची बैलगाडा शर्यत २०१४ मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडले, आणि कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसायला मे २०२३. त्यासाठी आम्ही सरकारकडे एक गुंठाही मागितला नव्हता. ‘मैदानामुळे झाडे राहतात, नाहीतर बिल्डर घुसेल,’ हा दुसरा बचाव. झाडे राहावीत हे आम्हालाही मान्य आहे. मग तिथे सर्वांसाठी बाग करा. झाडाखाली बसायला सभासद कशाला व्हावे लागते?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे, पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला जाते. ‘किंवा’ या एका शब्दात सगळी चलाखी आहे. बँक सरकारची, चावी सरकारची. शिवाय जुन्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनींचे मालक बाहेरच.

आपल्या जिल्ह्यातही शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीने गावोगाव धास्ती घातली. उद्या कोणत्या नावाने मोजणीदार येईल सांगता येत नाही. म्हणून या बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव व्हावा :

१. सार्वजनिक मालकीच्या प्रत्येक मैदानाचा व क्लबला दिलेल्या जागेचा करार, भाडे आणि पाणीवापर दरवर्षी जाहीर व्हावा.

२. ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण संपले, तर जमीन आधी मूळ शेतकऱ्याला विचारावी. भूमी बँक नंतर.

३. टंचाई जाहीर झाली की हिरवळीचे पाणी पहिले तोडावे, पिकाचे शेवटी.

४. प्रयोजन लेखी दिल्याशिवाय कोणत्याही गावाने मोजणीला होकार देऊ नये.

जमीन घेताना ‘देशासाठी’ आणि वापरताना ‘सभासदांसाठी’, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.