घाम, घाट आणि जर्सी

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. तेव्हा सायकलस्वाराला वेगळा पोशाख नव्हता. सुती सदरा कॉलेजलाही चाले आणि कात्रजच्या घाटालाही. मग आताच जर्सी कशाला, असे वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॉलेजपुरता सदराच पुरे! परंतु एप्रिलच्या उन्हात कात्रजचा जुना बोगदा गाठायचा, तर सूत घाम पिऊन जड होते, पाठीला चिकटते आणि लवकर वाळत नाही. चांगल्या पॉलिस्टरची जर्सी घाम बाहेरच्या अंगाला पसरवते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळी हवेत तो झटकन उडतो आणि जाताना अंगातली उष्णताही नेतो.

मात्र निवड छातीवरचे नाव वाचून करू नये. कापड उजेडासमोर धरावे. वीण हवा खेळेल इतकी मोकळी असावी, पण ऊन थेट पाठीवर येईल इतकी विरळ नको. दुकानातच हँडल धरल्यासारखे वाकून पाहावे. कंबर उघडी पडता कामा नये. चेन पूर्ण उघडणारी असावी, मागचे खिसे भरल्यावर लोंबू नयेत. रंग फिका बरा.

टूर द फ्रान्समध्ये १९७५ पासून घाटाच्या राजाला लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते. पण ती घाट चढल्यावर! खानावळीचे पैसे मोडून जर्सी घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. आणि जर्सी नाही म्हणून ज्याची सायकल जिन्याखाली धूळ खात आहे, त्याने उद्या पहाटे जुन्या सदऱ्यावरच निघावे.